जुन्या ट्रॅक्टरच्या आवाजाची परीक्षा

मुळशी तालुक्यांत भाताच्या चिखलणीचे दिवस थोडे. त्याच वेळीं ट्रॅक्टर ठोके देऊं लागल्यास हंगाम बुडण्याचें भय असतें. १९६३ सालीं महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनीं काढलेल्या कंपनीचा जुना बी-२७५ असो वा दुसरा डिझेल ट्रॅक्टर असो, परीक्षेची रीत एकच आहे.

तेलाचा दाब उतरून खोल, जड ठोका येत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावें व पुन्हां चालवूं नये. बहुधा बेअरिंग झिजलेलें असतें. तसेंच रेटल्यास क्रँकशाफ्टही खराब होतो.

दाब ठीक असल्यास पुढील क्रम धरावा :

१. गिअर न घालतां क्लच दाबावा. आवाज थांबल्यास दोष गिअरबॉक्सचा; दाबतांच निघाल्यास क्लचच्या बेअरिंगचा समजावा.

२. इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा काढावा व मिनिटभरच चालवावें. आवाज गेल्यास पाण्याचा पंप किंवा डायनॅमो तपासावा.

३. वरच्या झांकणाखालीं हलकी टिकटिक असल्यास टॅपेटचें अंतर मोजावें. झडप क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदांच उघडते, म्हणून ही टिकटिक निम्म्या गतीनें पडते.

४. मंद गतीवर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित् सैल करावा. ज्याच्यानें ठोका मंदावेल तो सिलिंडर दोषी. नंतर इंजिन बंद करून तेथील इंजेक्टर शेजारच्याशीं बदलावा. ठोका त्याच्याबरोबर सरकल्यास दोष इंजेक्टरचा. जागींच राहिल्यास पिस्टन वा बेअरिंगचा. फवाऱ्यापुढें हात मुळींच धरूं नये. दाबाचें डिझेल कातडींत शिरतें.

मेकॅनिकास बोलावण्यापूर्वीं प्रत्येक परीक्षेचा निकाल वहींत टिपावा. त्यामुळें निष्कारण इंजिन उघडण्याचा खर्च वांचतो.