बिगहॉर्न नदीत मासेमारी : परवाना कुणाचा?

प्रश्न : अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली बिगहॉर्न नदी क्रो जमातीच्या राखीव क्षेत्रातून वाहते. तिथे गळाने ट्राउट धरायला राज्याचा परवाना पुरतो का?

उत्तर : पात्रात पुरतो, काठावर पुरेलच असे नाही. १८८९ मध्ये मोंटाना राज्य झाले तेव्हा नदीच्या तळाची मालकी राज्याकडे गेली, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. १८६८ च्या तहाने हा प्रदेश क्रोंसाठी राखला होता, मग हा निकाल अन्यायाचा नाही का, हा आक्षेप रास्तच आहे. तीन न्यायमूर्तींनीही तळ जमातीचाच मानला होता. पण त्याच निकालाने जमातीच्या स्वतःच्या जमिनीवर बाहेरच्यांना मनाई करण्याचा किंवा अटी घालण्याचा तिचा हक्क मान्य केला.

म्हणून यलोटेल धरणाखाली होडी सार्वजनिक घाटावरूनच सोडा आणि काठाला झाडोरा सुरू होतो त्याच्या वर परवानगीवाचून पाऊल टाकू नका. हाच नियम सगळीकडे लावू नका : त्याच राज्यातल्या फ्लॅटहेड राखीव क्षेत्रात जमातीशी निगडित वेगळा परवाना लागतो. आधी जमातीच्या कार्यालयात विचारणे, ही केवळ सावधगिरी नाही; तो त्यांच्या हक्काचा मान आहे.