नौकेवरील बॅटरी भारित करताना

यांत्रिक मासेमारी नौकेवर बॅटरीचे काम आता केवळ इंजिन सुरू करण्यापुरते राहिलेले नाही. दिवे, बिनतारी संदेशयंत्र, स्थान दाखविणारे व माशांचे थवे शोधणारे यंत्र ही सारी साधने तिच्यावर विसंबून असतात. ती सदैव भारित असावी, ही तांडेलाची धडपड म्हणूनच रास्त आहे. परंतु भारित करण्याच्या क्रियेतही धोका आहे. आम्लाला सर्वच भितात. रंग व वास नसलेल्या वायूचा विचार मात्र क्वचितच होतो.

बॅटरी भरत आली, की तिच्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.४ व्होल्टच्या पुढे जातो आणि जादा वीज आतील पाण्याचे विघटन करू लागते. हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. शालेय प्रयोगशाळेत विद्यार्थी पाहतात तीच ही क्रिया. सहा घटांच्या १२ व्होल्ट बॅटरीला, ती पूर्ण भरल्यानंतरही, १० अँपिअरचा प्रवाह २ तास चालू राहिला, तर सुमारे ५० लिटर हायड्रोजन तयार होतो. हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्के झाले, की एका ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. म्हणजे सव्वा घनमीटर बंदिस्त जागा धोक्याची होण्यास एवढा वायू पुरे. बॅटरीची पेटी तर याहून कितीतरी लहान असते.

उघड्या शेडमध्ये हा वायू वर निघून जातो. नौकेत तो तक्तपोशीखाली कोंडतो. हायड्रोजन हवेहून हलका असल्याने त्याच्या निर्गमनाचे छिद्र पेटीच्या माथ्याशीच हवे. तळाशी चार छिद्रे पाडून समाधान मानणे व्यर्थ आहे. ती फक्त ताजी हवा आत घेण्यास उपयोगी पडतात. भारित करतेवेळी इंजिनघराचे झाकण उघडे ठेवावे. विडी व स्टोव्ह दूर ठेवावेत, हे सांगावयास नकोच.

ठिणगी बहुधा चिमटे जोडताना वा काढताना पडते. म्हणून चिमटे आधी जोडावेत व मगच चार्जर सुरू करावा. काढतेवेळी चार्जर आधी बंद करावा. सुमारे १४.४ व्होल्टला दाब आवरणारा आणि बॅटरी भरल्यावर तो १३.५ ते १३.८ व्होल्टपर्यंत उतरविणारा स्वयंचलित चार्जर घ्यावा. लाखो रुपयांच्या नौकेवर या एका वस्तूत काटकसर करणे अनाकलनीय आहे.

खाऱ्या पाण्याचा बॅटरीत शिरकाव झाल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होऊ शकतो. यास्तव बॅटरी नौकेच्या तळातील साचणाऱ्या पाण्यापासून उंचावर, पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी. घटात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, तेही बॅटरी भरल्यानंतर. आधी काठोकाठ घातल्यास आम्ल उतू जाते. मात्र पट्ट्या उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडण्यापुरते पाणी आधीच घालावे.

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढल्यानंतर बॅटरी काढून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा भारित करावी. तशीच पडून राहिल्यास ती आपोआप उतरते, पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो, आणि हंगामाच्या पहिल्याच फेरीत ती दगा देते.