गोठ्यातील कॅमेरा आणि ब्राउझर: चित्रप्रवाह कसा चालतो, कोठे अडतो

गाभण जनावराचे दिवस भरत आले की पशुपालकाला रात्री दोन-तीन वेळा उठून गोठ्यात फेरी मारावी लागते. पाणमोट दिसल्यानंतर तासाभरात वासरू पुढे सरकत नसेल, तर पशुवैद्यकास बोलावणे आवश्यक ठरते. म्हणूनच प्रसूती केव्हा सुरू झाली हे वेळीच कळण्याला महत्त्व आहे. या कामासाठी ईएसपी-३२ कॅम हा तळहाताहून लहान इलेक्ट्रॉनिक फलक उपयोगी पडू शकतो. त्याला वेगळा रेकॉर्डर किंवा ॲप लागत नाही. वेब सर्व्हर फलकातच असतो आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की गोठ्याचे चित्र दिसू लागते. मात्र ‘चित्र अडकते’, ‘डेटा संपतो’, ‘दुसऱ्या मोबाइलवर दिसतच नाही’ अशा तक्रारी त्याच्या कार्यपद्धतीतूनच उद्भवतात. ती पद्धत समजली, तर विस्तार कार्यकर्त्याला यांतील बहुतेक अडचणी जागेवरच सोडविता येतात.

पहिली मर्यादा स्मृतीची आहे. ईएसपी-३२ चिपमध्ये केवळ ५२० किलोबाइट अंतर्गत स्मृती असते. ६४० × ४८० बिंदूंचे एक कच्चे रंगीत चित्र, प्रत्येक बिंदूस दोन बाइट धरल्यास, ६,१४,४०० बाइटांचे होते. म्हणजे एक फ्रेमदेखील त्या स्मृतीत मावत नाही. यावर दोन उपाय योजलेले आहेत. फलकावर ४ मेगाबाइटची जोड-स्मृती बसविलेली असते आणि ओव्ही-२६४० हा कॅमेऱ्याचा संवेदक चित्र स्वतःच जेपीईजी स्वरूपात दाबून देतो. दाबलेली फ्रेम साधारणपणे १५ ते २५ किलोबाइटांची भरते. हा आकार दृश्यावर अवलंबून असतो. विस्कटलेल्या पेंढ्याच्या चित्रात बारकावे फार, त्यामुळे फ्रेम मोठी. सपाट भिंतीची फ्रेम लहान. येथे एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: या कॅमेऱ्याच्या मांडणीत ‘क्वालिटी’चा आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. आकडा वाढविला की चित्र सुधारेल, या समजुतीने अनेकांची फसगत होते.

आता फ्रेम ब्राउझरपर्यंत कशी पोहोचते ते पाहू. सामान्यतः ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर एक उत्तर देतो आणि व्यवहार संपतो. चित्रप्रवाहात मात्र हे उत्तर कधी संपतच नाही. ‘मल्टिपार्ट एक्स-मिक्स्ड-रिप्लेस’ या प्रकाराने सर्व्हर आरंभीच सांगतो की, पुढे अनेक भाग येतील आणि प्रत्येक नवा भाग आधीच्या भागाची जागा घेईल. मग सीमारेषेची एक ठरावीक ओळ, त्या भागाचा प्रकार व लांबी आणि त्यामागोमाग एक पूर्ण जेपीईजी चित्र, असा क्रम चालू राहतो. ही युक्ती नेटस्केप ब्राउझरने १९९५ च्या सुमारास रूढ केली. काटेकोरपणे पाहता हा व्हिडिओ नसून भराभर बदलणारी छायाचित्रे आहेत. व्हिडिओच्या प्रगत पद्धतींत मागील फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच पाठविले जाते. येथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. त्यामुळे डेटा अधिक लागतो, पण एवढ्याशा चिपला तो भार पेलतो.

उत्तर संपत नसल्याचा आणखी एक परिणाम होतो. प्रवाह पाठविण्यात गुंतलेला सर्व्हर दुसऱ्या मागणीकडे वळू शकत नाही. म्हणूनच या फलकाच्या प्रचलित नमुना-प्रणालीत नियंत्रणाचे पान ८० क्रमांकाच्या पोर्टवर आणि प्रवाह ८१ क्रमांकाच्या पोर्टवर ठेवलेला असतो. घरातील एकाने प्रवाह उघडा ठेवला असेल, तर दुसऱ्याला तो दिसत नाही. कॅमेरा बिघडलेला नसतो.

डेटाचा हिशेब सोपा आहे. २० किलोबाइटांच्या १० फ्रेम प्रतिसेकंद म्हणजे सेकंदाला २०० किलोबाइट आणि तासाला सुमारे ७२० मेगाबाइट. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक दोन तासांतच संपेल. मोबाइल आणि कॅमेरा एकाच वाय-फाय राउटरवर असतील, तर इंटरनेटचा डेटा मुळीच खर्च होत नाही, ही गोष्ट शेतकऱ्यांना आवर्जून सांगावयास हवी. शिवाय विणाऱ्या गाईसाठी सेकंदाला एक फ्रेम पुरेशी आहे. त्यात तासाचा खर्च ७२ मेगाबाइटांवर येतो.

सर्वांत मोठा धोका मात्र गोठलेल्या चित्राचा आहे. मध्यरात्री गोठ्यातील वीज गेली किंवा वाय-फाय तुटले, तरी ब्राउझर शेवटची फ्रेम तशीच दाखवीत राहू शकतो. गाय शांत बसलेली दिसते आणि पशुपालक निश्चिंतपणे झोपतो. प्रत्यक्षात ते चित्र दोन तासांपूर्वीचे असते. यावर खात्रीचा मार्ग म्हणजे अखंड प्रवाहाऐवजी पानाने दर सेकंदाला एक स्वतंत्र छायाचित्र मागविणे आणि पाच सेकंदांत उत्तर न आल्यास लाल सूचना दाखविणे. प्रत्येक मागणी स्वतंत्र असल्याने अपयश लगेच कळते. फ्रेम साठविण्याच्या मांडणीतही ‘सर्वांत ताजी फ्रेम’ हा पर्याय निवडावा. अन्यथा मंद जोडणीवर शिळी फ्रेम हाती येऊ शकते. प्रोग्रामिंग न जाणणाऱ्यासाठीही एक उपाय आहे: सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ कॅमेऱ्याला दिसेल असे टांगावे. काटा फिरत असेल, तर चित्र चालू आहे.

उभारणीच्या वेळी ५ व्होल्टचा चांगला, स्वतंत्र ॲडॉप्टर वापरावा. दाब क्षणभर जरी घसरला तरी फलक पुन्हा सुरू होतो. हा फलक केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतो आणि पत्र्याच्या भिंती ते अडवितात. फलकावरील पांढरा दिवा सतत लावू नये, तो तापतो; मंद प्रकाशाचा वेगळा दिवा बरा. नमुना-प्रणालीला संकेतशब्द नसतो, म्हणून राउटरचे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देणे टाळावे. बहुतेक मोबाइल इंटरनेट जोडण्यांवर तर तसे करताही येत नाही. गावाबाहेरून पाहावयाचे असल्यास व्हीपीएनचा वापर करावा किंवा कॅमेऱ्यानेच ठरावीक वेळी छायाचित्र सुरक्षित सर्व्हरकडे पाठवावे.

प्रत्येक ठिकाणी प्रवाहाची गरज असतेच असे नाही. कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिदिन ८ पतंग, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. ही मोजणी दिवसातून एकदाच होते. त्यासाठी सकाळचे एक स्पष्ट छायाचित्र पुरते. सतत प्रवाह चालविताना फलक सुमारे २५० मिलीअँपिअर घेतो असे धरल्यास दिवसाला ६ अँपिअर-तास लागतात. तोच फलक सकाळी एक मिनिट जागा राहिला, तर त्या मिनिटाला ४ मिलीअँपिअर-तासांहून थोडे अधिक पुरतात. उरलेल्या वेळी झोपेतही तो थोडी वीज घेतोच, पण शेताच्या मधोमध लहान सौर पट्टी आणि बॅटरीवर तो खर्च भागविता येतो.