ऋतुपालट आणि घरचें अंथरूण-पांघरूण



आपल्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा आपण अंथरुणांत घालवितों. तरीही पुस्तकाचें पान फाटतांच डिंक शोधणारा विद्यार्थी गोधडीची उसवलेली कड पायाच्या अंगठ्यानें रोज थोडी थोडी अधिकच उसवीत असतो! हा दोष त्याच्या एकट्याचा नाहीं. गोधडी घरांतील कोणीतरी शिवील, हें आपण सर्वांनींच गृहीत धरलेलें असतें. आणि तें कोणीतरी म्हणजे बहुधा आई किंवा आजी. हें काम कसें करावें, आणि त्याहूनही महत्त्वाचें म्हणजे केव्हां करावें, याचा विचार या लेखांत करूं.

प्रथम काळाचा विचार. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरीं (२०२३ पूर्वींचें औरंगाबाद) वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढें आश्विनांत ऊन कडक होतें. डिसेंबर-जानेवारींत रात्रीचें तापमान १० अंशांच्या आसपास उतरतें. म्हणजे अंथरुणांत शिरलेला ओलावा घालविण्यास आणि थंडीची तयारी करण्यास मधले थोडेच आठवडे हातीं असतात. आपल्याकडील जुन्या गृहिणींनीं हें नेमकें ओळखलें होतें. घटस्थापनेपूर्वीं घरांतील सर्व कपडे, भांडीं, अंथरुणें धुवून काढण्याच्या रीतीस मराठवाड्यांत ‘दसरा काढणें’ म्हणतात. या रीतीस आपण एक जोड देऊं: धुणें दसऱ्यापूर्वीं, शिवणें दसऱ्यानंतर.

असें कां, हें कापसाच्या गुणधर्मावरून कळतें. कापसाचा तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला असतां पिळलेल्या, चपट्या नळीसारखा दिसतो. असे असंख्य तंतु एकत्र आले कीं त्यांच्यामध्यें हवा अडकते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळें अंगाची ऊब बाहेर जात नाहीं. म्हणजे आपणांस ऊब देते ती कापसानें धरून ठेविलेली हवा. परंतु हाच कापूस पाणीही शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असतां त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें ७ ते ८ टक्के पाणी त्यांत असतें. या हिशेबानें १० किलो कापसाच्या गादींत सुमारें पाऊण लिटर पाणी मुरलेलें असतें. पावसाळ्यांत हवा याहून दमट, तेव्हां पाणीही अधिक. ओला कापूस दबून बसतो, हवेस जागा उरत नाहीं, आणि पांघरूण जड होऊनही ऊब देत नाहीं. शिवाय दमट अंथरुणांत बुरशी वाढते, आणि डोळ्यांस न दिसणारे धुळींतील कीटकही वाढतात. ते आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात. त्यांच्यामुळें कित्येक मुलांचा दमा व शिंका बळावतात. म्हणून अंथरूण कोरडें ठेवणें हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाहीं, तो आरोग्याचाही आहे.

याविषयीं आमच्या घरचा एक अनुभव सांगतों. एके वर्षीं धुतलेली गोधडी वरून कोरडी लागली, म्हणून आम्ही घाईनें तिच्यावर नवें पातळ शिवलें आणि घडी करून ती पेटींत ठेविली. थंडी पडल्यावर काढली, तों कुबट वास आला. वरचें कापड उसवून पाहतों तर आंत काळे ठिपके पडलेले! मधला थर आजीच्या लुगड्याचा होता. तो हातांत घेतांच विरला. काठाचा वीतभर तुकडा तेवढा वाचला. तो पुढच्या गोधडीच्या कोपऱ्यास लावला आहे. एका दिवसाचें ऊन वांचविण्याच्या नादांत आम्ही तें लुगडें घालविलें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. फाटलेली गोधडी तशीच धुतल्यास भोंक मोठें होतें; म्हणून धुण्यापूर्वीं फाटक्या जागेवर लांब लांब कच्चे टाके घालावे. आज शहरांत धुणें पूर्वींइतकें सोपें राहिलेलें नाहीं. खाम नदींत सांडपाणी मिसळतें, आणि नळास रोज पाणी न येण्याचा अनुभव बहुतेक घरांस आहे. म्हणून साऱ्या गोधड्या एकदम न भिजवितां पाण्याच्या प्रत्येक पाळीस एक-दोनच घ्याव्या. पाणी हातास सोसणार नाहीं इतकें, म्हणजे ६० अंशांपर्यंत, कढत असल्यास कीटक मरतात. मात्र तें ओतण्याचें काम मोठ्या माणसांनींच करावें. भिजलेली गोधडी फार जड होते. ती एकाच दोरीवर टांगल्यास स्वतःच्या भारानें तिचे टाके तुटतात. यासाठीं ती दोन दोऱ्यांवर किंवा बाजेवर पसरावी. दोन्ही बाजूंस चांगलें ऊन दिल्यावर ती रात्रभर घरांत ठेवावी. सकाळीं मधोमध गाल लावून पाहावा. गार लागल्यास आणखी एक दिवस ऊन द्यावें.

ठिगळासाठीं जुनें, मऊ, सुती कापड घ्यावें. कोरें कापड घेणें झाल्यास तें आधीं धुवून वाळवावें. नाहींतर पहिल्याच धुण्यांत तें आटतें आणि शेजारचें जीर्ण कापड ओढून फाडतें. दोराही सुतीच असावा, कारण नायलॉनचा चिवट दोरा जुन्या कापडास कापीत जातो. ठिगळ भोंकापेक्षां चहूं बाजूंनीं दोन बोटें मोठें कापावें, कडा आंत दुमडाव्या, आणि सर्व थरांतून सुई आरपार जाईल असा साधा धावदोरा घालावा. टाक्यांच्या ओळींत दोन बोटांहून अधिक अंतर ठेवूं नये; अंतर वाढल्यास आंतील थर सरकून त्यांचे गोळे होतात. तोंडाजवळची कड सर्वांत आधीं झिजते. तिच्यावर दुहेरी पट्टी बसवावी, व ती पट्टी तेवढी सोडवून वरचेवर धुवावी.

कापूस भरलेल्या गादीची आणि रजईची गोष्ट निराळी. ती पाण्यांत बुडवूं नये. खोळ काढून धुवावी आणि कापसास ऊन द्यावें. कापूस फारच दबला असेल तर तो पिंजून घ्यावा लागतो. पूर्वीं पिंजारी दारोदार येत, आणि धनुकलीच्या तातेच्या आवाजावरूनच मुलांना त्यांची चाहूल लागे. आतां हें काम बहुतेक ठिकाणीं यंत्रावर होतें. तत्त्व मात्र तेंच, दबलेले तंतु मोकळे करून त्यांत पुन्हा हवा भरणें. पिंजतांना कांहीं तंतु तुटून आखूड होतात. म्हणून दर वेळीं थोडा नवा कापूस मिसळणें हिताचें.

कोणी म्हणेल, बाजारांत तयार पांघरुणें स्वस्त मिळत असतां ही यातायात कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि सर्वच जुनें जपावें असें आमचें म्हणणें नाहीं. कापड दोन्ही हातांत धरून बेतानें ताणावें. सहज फाटलें तर त्यावर टाका टिकणार नाहीं. असें कापड पुसण्यास घ्यावें. परंतु जें ताण सोसतें तें टाकून देणें म्हणजे शेतकऱ्याचे श्रम आणि आपला पैसा दोन्ही वायां घालविणें होय. हिमरूसाठीं नांवाजलेल्या या शहरांत गोधडीस कोणी मोठें नांव दिलें नाहीं. पण हिमरूची शाल मोजक्या घरीं असते, गोधडी घरोघरीं असते.

तेव्हां मुलांनो आणि मुलींनो, दोघांसही सांगणें हें कीं, येत्या दिवाळीच्या सुटींत आपापलें एक पांघरूण स्वतः उन्हांत घाला, आणि त्यावरील एक तरी ठिगळ स्वतःच्या हातानें शिवा. पालकांसही विनंती आहे कीं, पहिले टाके वांकडे पडले तरी ते उसवूं नयेत. थंडींत तें पांघरूण अंगावर घेतांना आपण रोज कोणाच्या श्रमांखालीं निजत होतों हें मुलांच्या ध्यानीं आलें, तर या लेखाचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.