चालणे, मागणे आणि हिशेब देणे
(कॉलेजमधील युवक-युवती व त्यांचे पालक यांच्यासाठी पाठ)



कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली अधूनमधून घरी येऊन सांगतात, "रविवारी आमच्या ग्रुपची चॅरिटी वॉक आहे, कॅन्सरच्या रुग्णांसाठी. पन्नास रुपये द्या." आई नोट काढून देते. वडील मात्र विचारतात, "तुम्ही चाललात म्हणून रुग्णाला काय मिळणार? पैसे सरळ हॉस्पिटलातच देऊन टाकले तर?" वडिलांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठीच आजचा हा पाठ आहे.

एका डॉक्टरच्या फेऱ्या

१९८५ सालची गोष्ट. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नावाचे शहर आहे. तेथे डॉ. गॉर्डन क्लॅट हे मोठ्या आतड्याच्या रोगांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते. कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी उभारावा असे त्यांच्या मनात आले. धावण्याची आवड होतीच. मे महिन्यात ते तेथील युनिव्हर्सिटी ऑफ प्युजेट साउंडच्या मैदानात उतरले आणि सलग २४ तास ट्रॅकवर फेऱ्या मारत राहिले. या एका दिवसात त्यांनी ८३ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १३३ किलोमीटर अंतर कापले. जवळजवळ ३०० मित्र व परिचितांनी प्रत्येकी २५ डॉलर देऊन अर्धा-अर्धा तास त्यांना सोबत केली. त्या दिवशी २७,००० डॉलर जमले.

फेऱ्या मारता मारताच त्यांच्या मनात पुढचा विचार आला असे सांगतात : एकाने २४ तास धावण्याऐवजी तुकड्या करून आळीपाळीने चालले तर? १९८६ साली १९ तुकड्या मैदानात उतरल्या आणि ३३,००० डॉलर जमले. हाच पुढे 'रिले फॉर लाइफ' या नावाने ओळखला जाऊ लागलेला उपक्रम. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो देशभर नेला, तेथून तो इतर देशांत गेला. शेकडो कॉलेजांच्या मैदानांवर विद्यार्थ्यांनी त्याच्या तुकड्या उभ्या केल्या. डॉ. क्लॅट यांना पुढे स्वतःलाच पोटाच्या कॅन्सरने गाठले. २०१४ साली त्यांचे निधन झाले.

तुकडीने चालणे म्हणजे काय?

या चालण्यात शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. नियम एवढाच की तुकडीतील एक तरी माणूस सतत ट्रॅकवर असला पाहिजे. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने उठायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की पाऊस पडत असो. कॅन्सर रात्रीची विश्रांती घेत नाही, म्हणून एक रात्र आपणही थांबायचे नाही, असा त्यामागचा अर्थ आहे. रुग्णाच्या उशाशी घरातली माणसे अशाच पाळ्या लावून बसतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना निराळे सांगायला नको.

आणखी दोन प्रथा लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली फेरी मारतात ती या आजारातून बरी झालेली आणि उपचार घेत असलेली माणसे. बाकीचे सगळे कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. अंधार पडला की ट्रॅकच्या कडेने कागदी पिशव्यांत दिवे लावतात. प्रत्येक पिशवीवर एक नाव असते, गेलेल्या माणसाचे किंवा झुंज देत असलेल्या माणसाचे. चालणारा ती नावे वाचत वाचत पुढे जातो.

मग चालून काय होते?

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. पहिली गोष्ट मागण्याची. एका विद्यार्थ्याच्या खिशात दान देण्याजोगे फार नसते. पण समजा बारा जणांची तुकडी आहे आणि प्रत्येकाने दहा घरी जाऊन पन्नास-पन्नास रुपये मागितले, तर १२० घरांतून ६,००० रुपये होतात. एका खिशातून जे निघाले नसते ते १२० दारांतून निघते. आणि मागायला गेलेल्या मुलाला काही दारांवर नकारही ऐकावा लागतो. दुसऱ्यासाठी हात पसरायला अहंकार खाली ठेवावा लागतो, हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. आपल्या वाड्यांत अजूनही कॅन्सरचे नाव घेत नाहीत. "त्याला तो आजार झालाय," असे हळू आवाजात सांगतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आईचे ऑपरेशन लपवतात. पाणी प्यायचा पेला वेगळा ठेवतात. खरे तर हा आजार शिवण्याने किंवा एकत्र जेवण्याने होत नाही. आपल्या देशात पुरुषांत तोंडाच्या आणि स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण सर्वात जास्त आहे. लवकर ध्यानात आले तर दोन्हींवर चांगले उपचार होऊ शकतात. तीन आठवडे झाले तरी न भरणारी तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, स्तनात लागणारी गाठ यांपैकी काही आढळले की डॉक्टरांकडे जायला हवे. तंबाखू, गुटखा आणि मिश्री सुटायला हवी. पन्नास रुपये मागायला दारात आलेल्या मुलीने हे दोन मिनिटांत सांगितले, तर त्या घरासाठी ते पन्नास रुपयांपेक्षा मोलाचे ठरेल. लपवण्यात गेलेले सहा महिने पुन्हा मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट रुग्णाची. वसईहून पहाटेची गाडी पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलात जाणारा माणूस संध्याकाळी थकून परततो, तेव्हा शेजारी त्याला काय विचारावे या संकोचाने तोंड चुकवतात. औषधाइतकेच हे एकटेपण त्याला जड जाते. पहिली फेरी त्याची आणि टाळ्या वाजवणारे आपण, असे दृश्य गावात एकदा जरी दिसले तरी तो संकोच थोडा कमी होईल.

पैशाचा हिशेब

येथे एक सावधगिरी हवी. वरील उदाहरणातील बारा जणांनी प्रत्येकी २५० रुपयांचा टी-शर्ट त्याच पैशांतून छापून घेतला तर ३,००० रुपये गेले. म्हणजे देणाऱ्याने रुग्णासाठी म्हणून दिलेल्या पन्नासातले पंचवीस चालणाऱ्याच्या अंगावर गेले! त्यावर बॅनर, नाश्ता आणि गाडीभाडे आले की रुग्णाच्या हाती काय उरणार? म्हणून तुकडीने चार नियम पाळावेत. निधी कोणाला देणार हे मागण्यापूर्वीच ठरवावे आणि दारात सांगावे. प्रत्येकाला पावती द्यावी. पैसे नेहमी दोघांनी मिळून मोजावेत. किती जमले, किती खर्च झाले आणि किती पोचवले हे नंतर लिहून फलकावर लावावे. चालण्यासाठी घरातला जुना शर्टही चालतो.

हा काटेकोरपणा काही आजचा नाही. यरुशलेमेतील गरजूंसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करताना संत पौलाने ती एकट्याने नेली नाही. कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून त्याने इतरांना सोबत घेतले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय या दृष्टीने घरी जरूर वाचावा.

कुरेनेकर शिमोनाची पाळी

कोणी म्हणेल, यातली निम्मी मुले हजेरीसाठी जातात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवेसाठी द्यायचे असतात. ते तास भरावेत, प्रमाणपत्र मिळावे, मित्रांबरोबर फोटो निघावेत म्हणूनही मुले येतात. याला सेवा म्हणावे का?

क्रुसाच्या वाटेवरील पाचवे स्थान आठवा. कुरेनेकर शिमोन आपणहून पुढे आला नव्हता. तो शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला धरले आणि क्रूस वाहायला लावला. तरीही प्रभूच्या खांद्यावरचा भार काही अंतर हलका झाला, हे खरेच आहे. संत मार्क तर त्याच्या दोन्ही मुलांची नावे देतो, अलेक्झांडर आणि रूफ. पहिल्या ख्रिस्ती लोकांना ते घर ओळखीचे असावे, असे अभ्यासक त्यावरून म्हणतात. सक्तीने सुरू झालेल्या त्या पाळीतून पुढे काहीतरी उगवले असणार. म्हणून हजेरीसाठी आलेल्या मुलाला हिणवू नका. त्याला पाळी द्या, आणि चालून झाल्यावर एखाद्या रुग्णाच्या घरी घेऊन जा.

शिमोनाने सगळी वाट पेलली नाही, त्याने आपल्या वाट्याचे अंतर चालून दिले. तुकडीतल्या प्रत्येकाकडूनही तेवढीच अपेक्षा असते. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू देऊ नये ही प्रभूची शिकवण या चालण्याला आड येत नाही. लोकांच्या नजरेत रुग्ण यावा, चालणारा नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे पुरे.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली त्याची घोषणा केली आणि १९९३ पासून तो पाळला जातो. ४ फेब्रुवारी हा जागतिक कॅन्सर दिन. या दोन दिवसांमधला आठवडा आपल्या तुकडीला चालण्यासाठी सोयीचा आहे.

लघु समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत दीर्घ आजाराने अंथरुणावर असलेले किती जण आहेत? त्यांच्या घरी आपण शेवटचे कधी गेलो?

२. कॅन्सरचे नाव घेण्याचे आपण का टाळतो? त्यामुळे कोणाचे नुकसान होते?

३. आपल्या धर्मग्रामातून एक तुकडी निघाली तर निधी कोणाला द्यावा, आणि हिशेब कोणी ठेवावा?

४. रुग्णाजवळ रात्र जागवणाऱ्या घरच्या माणसाला एका रात्रीची विश्रांती मिळावी म्हणून आपल्यापैकी कोण पाळी घेईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर देताना नाव आणि वार दोन्ही लिहून ठेवावेत.