भाड्याच्या खोलीतलं आपलं सामान

देवपूर, धुळे

चि. बापू,

जळगावात खोली मिळाली, फ्रिज घेतला, कूलर बसवला, हे तुझ्या आईकडून कळलं. अकरा महिन्यांचा करार नीट लिहून घेतलास, हे बरं केलंस. पण तिने सामानाच्या विम्याचं काढलं तर म्हणालास, घर मालकाचं आहे, विमा त्याने काढावा. म्हणून हे पत्र.

मालकाने विमा काढलाच, तरी तो त्याच्या भिंतींचा आणि छताचा. तुझी गादी, तुझी पुस्तकं त्यात येत नाहीत. लग्नानंतर आम्ही पांझरेकाठी भाड्याने राहायचो. एका पावसाळी रात्री घरात पाणी शिरलं. मालकाने महिन्याभरात भिंती नीट करून दिल्या. त्याने आपलं काम केलं. पण तुझ्या मामीचं शिलाई मशीन, वर्षाचं धान्य, अंथरूण-पांघरूण, सगळं गेलं. ते पुन्हा जमवायला दोन वर्षं लागली. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं, तेव्हा मला ते मशीनच आठवत राहिलं.

तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं; तुला मी सांगतोय. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी आली. भाडेकरूला तीत फक्त सामानाचा विमा घेता येतो. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं तीत येतं. विम्याची रक्कम ठरवताना वस्तू आज नवी घ्यायला किती लागेल ते धर. हप्ता दोन-तीन कंपन्यांत विचार.

कलमं मात्र वाच. आपल्याकडचा उन्हाळा तुला ठाऊक आहे, कूलर रात्रंदिवस चालतो. शॉर्टसर्किटने तो स्वतः जळाला तर त्याचे पैसे मिळत नाहीत; त्याच्यापासून आग पसरून खाट-कपाट जळालं तर मिळतात. रोकड, कागदपत्रं आणि तुझी गाडी यात नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट चोरीची. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीच यात धरतात. आखाजीला तू कुलूप लावून गावी येशील आणि मागे कुणी कडी तोडली, तर ही पॉलिसी कामाला येणार नाही. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घे. भाड्याने राहणाऱ्या पोरांची खोली सणावाराला हमखास बंद असते, त्यामुळे माझ्या मते तुला त्याचीच गरज जास्त आहे.

एका रविवारी बसून प्रत्येक वस्तूचा आणि बिलाचा फोटो काढ, आणि ते फोटो आईच्याही मोबाइलवर पाठव. आमच्याकडे मशीनची पावतीसुद्धा उरली नव्हती.

आखाजीला निघण्याआधी एवढं उरक. येताना पॉलिसीची प्रत आण, आपण दोघं बसून वाचू. मामी खापरावरचे मांडे करणार आहे.

तुझा
मामा