चुकली ती पायरी

"आजी, या वयात जपून उतरायला हवं." जिन्यात पडले आणि मनगटाला प्लास्टर घालून घरी आले, त्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले, आणि खुर्चीत टेकायच्या आधी हे बोलले. मी ७१ वर्षांची आहे. तीस वर्षं तोच जिना दिवसातून दोनदा चढते-उतरते. मुलगाही वर म्हणाला, "काका बरोबर सांगतायत, आई." मी गप्प बसले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

जिन्याला ग्रॅनाइट बसवताना खालच्या दोन पायऱ्यांजवळचा कठडा कापला, तो परत जोडलाच नाही. हे मी सोसायटीला दोनदा सांगितलं होतं. तोंडी सांगितलं, तिथे माझं चुकलं.

पडल्यापासून मला एकच गोष्ट आठवत होती. पाय टेकायला हवा होता तिथे जमीन नव्हती. आठ दिवसांनी नातवाला पट्टी घेऊन खाली पाठवलं. सगळ्या पायऱ्या १७ सेंटिमीटर, शेवटची २१. दगड आणि त्याखालचा माल मिळून प्रत्येक पायरी ४ सेंटिमीटर वर आली. सगळ्याच आल्या म्हणून मध्ये फरक कळत नाही. पण तळमजल्याची जुनी लादी तशीच ठेवली, त्यामुळे ती सगळी वाढ शेवटच्या पायरीत उतरली. पायाला सवय असते. दहा पायऱ्या सारख्या उतरल्या की अकरावी तो अंदाजानेच टाकतो. नातवाने कागदावर आकडे लिहून आणले तेव्हा मला रडू आलं. आठ दिवस मी स्वतःलाच दोष देत होते.

तेव्हा तुमच्या जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी आजच मोजा. कडेला पिवळा पट्टा ओढून घ्या. काळ्या गुळगुळीत दगडावर संध्याकाळी कड दिसत नाही. कठडा शेवटच्या पायरीच्या पुढपर्यंत हवा. जिन्याची दुरुस्ती हे सोसायटीचं काम आहे, उपविधीत तसं लिहिलेलं आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

चष्म्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिलं की वाचायची काच मध्ये येते आणि पायरी धूसर दिसते. उतरताना मान वाकवून वरच्या काचेतून पाहा, नाहीतर फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घ्या. पिशवी खांद्याला अडकवा, एक हात कठड्यासाठी मोकळा राहू दे. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर झटकन उठून जिन्याकडे जाऊ नका, बसल्या जागी मिनिटभर पाय हलवा. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. चपला घसरत्या नकोत, आहार चांगला ठेवा, हे सगळेच सांगतात.

आणि कुणी पडलं तर त्याला हाताला धरून ओढू नका. मला शेजारच्यांनी उचललं ते मोडलेल्याच हाताला धरून. आधी विचारा, कुठे दुखतंय, पाय हलतोय का. त्याला पडल्या जागी श्वास घेऊ द्या.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी खुर्चीतून उठवून ३ मीटर चालायला लावलं, वळून परत बसेपर्यंत घड्याळ लावलं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका असतो. मला प्लास्टर असताना १० लागले. हा आकडा मी मुलाला दोनदा ऐकवला. तरीही व्यायाम सोडलेला नाही. ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या. टाचेला बोटं लावून पॅसेजमधून चालणं. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं. पोळ्या झाल्या की रोज करते.

कठडा आता जोडलाय, वेल्डिंगवाला दुपारच्या तासाभरात काम करून गेला. एवढंच काम होतं. शेवटची पायरी मात्र अजून २१ आहे. अर्ज दिलाय, पोच माझ्या कपाटात आहे.